राखुंडीसाठी पिंजरा

ताईने बारक्याला दवाखान्यातून आपल्या घरी आणलं, तेव्हा त्याच्याजवळ दोनच शब्द उरले होते. एक ‘नाही’ आणि दुसरा ‘परवा’.

बारक्या हे त्याचं घरातलं नाव. लहानपणी काडीसारखा होता म्हणून पडलेलं. पुढे तो दारातून वाकून यावं लागेल एवढा वाढला, लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर झाला, एक्कावन्न वर्षांचा झाला, तरी ताईच्या तोंडी बारक्याच राहिला. ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात मागच्या बाजूला मशीनवर बसून ती लोकांच्या पँटी आखूड करायची, कंबरा सैल करायची, चेनी बदलायची. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. बारक्याचं लग्न दोन वर्षांतच मोडलं होतं. एकमेकांना आता तेवढे दोघंच होते.

मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि त्याची उजवी बाजू गेली. काठी धरून पाय ओढत चार पावलं टाकण्याइतका पाय सुधारला, हात मात्र दुसऱ्याच कुणाचातरी असल्यासारखा मांडीवर पडून राहायचा. आणि बोलणं गेलं.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी ताईला बाजूला घेऊन समजावलं होतं. “त्यांना सगळं कळतं. शब्द आत आहेत, पण बाहेर येताना वाट चुकतात. ‘हो’ म्हणायला जातील आणि ‘नाही’ येईल. शब्दांवर जाऊ नका. चेहरा बघा, हात बघा.”

ताईने मान हलवली होती. पण घरी आल्यावर तिला कळलं, हे सांगणाऱ्याला सोपं असतं. “चहा हवा?” विचारलं की तो “नाही” म्हणायचा आणि कपाला हात घालायचा. “कप नेऊ?” म्हटलं तरी “नाही.” कुठला ‘नाही’ खरा आणि कुठला वाट चुकलेला, हे ओळखता ओळखता ती संध्याकाळपर्यंत थकून जायची. ‘परवा’चं तर विचारायलाच नको. भूक लागली तरी परवा, खिडकी लाव म्हणायचं असलं तरी परवा. पहिल्या दिवशी दोघंही त्यावर हसले होते. चौथ्या दिवशी कुणी हसलं नाही.

त्याच आठवड्यात त्याच्या जुन्या खोलीशेजारी राहणारी बाई एक खोका घेऊन आली. ती शाळेची बस चालवायची आणि बोलायचीही बस चालवताना मागे ओरडल्यासारखी.

“ही घ्या तुमच्या भावाची लाडकी,” ती खोका टेबलावर ठेवत म्हणाली. “दीड महिना सांभाळली. आता माझ्या मांजरानं हिच्यावर डोळा ठेवलाय, मला बाई झोप लागत नाही.”

खोक्यात राखुंडी होती. चिंचिला. उंदीर म्हणावं तर तसली नाही, ससा म्हणावं तर तोही नाही. दोन मुठींएवढी, राखेच्या रंगाची, कान गोल, शेपूट झुबकेदार, आणि अंगावरची लव इतकी दाट की बोट घातलं तर बुडतं. ती अंघोळ पाण्याने नाही, बारीक धुळीत लोळून करायची, म्हणून बारक्याने तिचं नाव राखुंडी ठेवलेलं. सहा वर्षं ती त्याच्याकडे होती.

बारक्याने तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. डाव्या हाताने त्याने तिला छातीशी धरलं. “परवा,” तो म्हणाला. “परवा, परवा.”

“हिचा पिंजरा?” ताईने विचारलं.

बसवाल्या बाईने आवाज खाली घेतला, म्हणजे साधारण माणसाएवढा केला. “तो गेला हो. घरमालकानं खोली दुसऱ्याला दिली. तो पिंजरा म्हणजे अख्खं कपाट होतं, जाळी अन् फळ्या ठोकून यांनी आतच बनवलेलं. दारातून निघेना. मग करवतीनं कापून बाहेर टाकला.”

ताईने बारक्याकडे पाहिलं. त्याने ऐकलं होतं. राखुंडीच्या पाठीवरून फिरणारं त्याचं बोट थांबलं. थोड्या वेळाने ते पुन्हा फिरायला लागलं.

खोका दोन दिवस टिकला. राखुंडीने एक कोपरा कुरतडून भगदाड पाडलं आणि ती फ्रिजमागे जाऊन बसली. ताईला तिला बाहेर काढायला दीड तास लागला आणि त्या दिवशी तिच्या पगारातला अर्धा दिवस कापला गेला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेली.

दुकानदार मायाळू होता. दुकानात माशांच्या टाक्यांची गुरगुर आणि भुश्शाचा वास होता. त्याने तिला तीन पिंजरे दाखवले. एक चाकांवरचा, माणूस आत बसेल एवढा, बारीक जाळीचा. त्याची किंमत ऐकून ताईच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यासाठी तिला दोन महिने उपाशी राहून पँटी आखूड कराव्या लागल्या असत्या. दुसरा अर्धा प्लास्टिकचा. तिसरा उभा, तारांचा, तीन मजली, वर चढायला तारेचीच शिडी. त्यावर कमी केलेल्या किमतीची चिठ्ठी होती.

“हा चालेल का हो चिंचिलाला?” ताईने विचारलं.

“उंदीर, खारी वगैरेंसाठी नेतात लोक,” दुकानदार म्हणाला. “चिंचिला आमच्याकडे फारशी कुणी पाळत नाही. पण जात एकच की.”

ताईने तिन्ही पिंजऱ्यांचे फोटो काढले आणि संध्याकाळी बारक्यासमोर धरले.

मोठा पिंजरा पाहून तो “नाही” म्हणाला, पण फोटोवरून त्याची नजर हटेना. “हा परवडायचा नाही रे,” ताई म्हणाली. त्याने मान खाली घातली. प्लास्टिकचा पाहून “नाही,” आणि दात एकमेकांवर घासून दाखवले. ते ताईला कळलं. कुरतडून टाकेल. तारांचा पाहिल्यावर मात्र तो सरळ बसला. त्याने डावा हात वर केला, अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांजवळ आणलं, मध्ये जेमतेम अर्ध्या इंचाचं अंतर ठेवलं, आणि ते तिच्या डोळ्यांसमोर धरलं.

“एवढा?” ताई म्हणाली. “लहान? लहान चालेल म्हणतोस?”

“नाही!” त्याने बोटं पुन्हा पुढे केली. तेवढंच अंतर.

ताईला भरून आलं. तिला वाटलं, हा आपल्या परिस्थितीचा विचार करतोय, लहान, स्वस्तातला घे म्हणतोय. “बरं बरं,” ती म्हणाली. “समजलं मला.”

मग त्याने वाकून डाव्या हाताने आपला तळपाय चोळला, फोटोतल्या पिंजऱ्याच्या तळाकडे बोट केलं आणि पुन्हा तळपाय चोळला. ताई उठली आणि त्याच्यासाठी जाड मोजे घेऊन आली. तिने ते त्याच्या पायात चढवले. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान टेकली आणि छताकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने तारांचा पिंजरा आणला.

तो पाहताच बारक्याचा चेहरा लाल झाला. “नाही! नाही! नाही!” त्याने काठीने पिंजऱ्याला ढोसलं, तो टेबलावरून पडता पडता राहिला.

“अरे, मग आणू तरी कुठला?” ताईचा आवाज चढला. दिवसभर मशीनवर वाकून तिची मान आखडली होती आणि पिंजरा उचलून आणताना तारेने बोट फाटलं होतं. “काहीही विचारा, नाही! काहीही दाखवा, नाही! मी माणूस आहे की नाही? की माझ्या पायांना चाकं लावली आहेत?”

तो डोळे मिटून बसला. ताईला लगेच वाईट वाटलं, पण तिने पिंजरा जमिनीवर ठेवून राखुंडीला त्यात सोडलं, कारण तिला ठेवायला घरात दुसरी जागाच नव्हती. राखुंडी तारांवर पाय ठेवत, उचलत, पुन्हा ठेवत एका कोपऱ्यात जाऊन बसली.

पुढचे दोन दिवस बारक्या त्या पिंजऱ्यासमोरून हलला नाही. ताई कामाला जाताना तो तिथेच, परत आल्यावर तिथेच. जेवणही त्याने खुर्ची ओढून तिथेच घेतलं. ताईला वाटलं, रुळला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला ती जिना चढत असताना तिला त्याचा आवाज आला. घोगरा, बसलेला, रेकत असल्यासारखा. “परवा... परवा...” खालच्या मजल्यावर एकटे राहणारे निवृत्त टपालवाले आजोबा दारात उभे होते. “दुपारपासून चाललंय आज त्यांचं,” ते म्हणाले. ताई उरलेला जिना धावत चढली.

बारक्या जमिनीवर गुडघ्यांवर होता. काठी लांब पडली होती. डावा हात पिंजऱ्याच्या दारातून आत खांद्यापर्यंत गेलेला, आणि त्या हाताच्या तळव्यावर राखुंडी. तिचा मागचा एक पाय तारेच्या शिडीत, दोन तारांच्या मधे अडकून पिळला होता. तिने वरून उडी मारली असणार आणि पाय सटकला असणार. ती लोंबकळली असती तर सगळं वजन त्या पायावर आलं असतं. म्हणून तो तिला खालून धरून राहिला होता. हात काढला तर ती लटकणार. हात काढल्याशिवाय फोन घेता येत नव्हता. आणि त्याच्याजवळ हात एकच होता.

त्याची पँट ओली झाली होती. ताईला पाहून तो नुसता रडायला लागला, तोंड उघडं टाकून, लहानपणी रडायचा तसा.

ताई त्याच्याशेजारी खाली बसली. तो कोपऱ्यातल्या त्याच्या कामाच्या पिशवीकडे बघत होता, हे तिला दिसलं. तिने पिशवी उलटी केली, पक्कड उचलली. एक तार तुटली, दुसरी तुटली. तिसरी तुटायला तिला दोन्ही हातांचं सगळं बळ लावावं लागलं. पाय सुटला तेव्हा राखुंडी चिरकली. इतक्या दिवसांत तिचा आवाज ताईने पहिल्यांदा ऐकला.

प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी राखुंडीला टॉवेलवर ठेवून हळूच तपासलं. पाय दोन ठिकाणी मोडला होता आणि रक्त न पोचल्याने खालचा भाग थंड पडला होता.

“पाय वाचणार नाही,” त्या म्हणाल्या. “काढावा लागेल. तीन पायांवर यांचं बरं चालतं. पण भूल द्यावी लागते, आणि हिचा जीव एवढासा, त्यात घाबरलेला. जाऊही शकते. नाहीतर आत्ताच शांतपणे झोपवून देता येईल. तुम्ही ठरवा.”

ताईने बारक्याकडे पाहिलं. “काय करायचं रे?”

“नाही,” तो म्हणाला.

“ऑपरेशन नाही?”

“नाही.” त्याने जोरात मान हलवली, कुठल्या दिशेने तेही नीट कळेना. “नाही, परवा, नाही.”

ताई डॉक्टरबाईंना म्हणाली, “त्याचं बोलणं गेलंय. मला... मला नाही हो कळत.” आणि एवढं बोलून तिला रडू फुटलं. मघापासून ती तगून होती.

डॉक्टरबाईंनी स्टूल ओढलं आणि त्या बारक्यासमोर बसल्या. “माझे सगळेच पेशंट न बोलणारे असतात,” त्या म्हणाल्या. दोन्ही मुठी वळून त्यांनी त्याच्यापुढे धरल्या. “ही मूठ म्हणजे ऑपरेशन. ही म्हणजे झोपवायचं. सावकाश. घाई नाही.”

बारक्याने बराच वेळ दोन्ही मुठींकडे पाहिलं. मग पहिलीवर हात ठेवला.

“पक्कं?” त्यांनी मुठींची अदलाबदल केली. “आता ही ऑपरेशन.” त्याने पुन्हा बरोबर ऑपरेशनचीच धरली.

इतकं सोपं होतं, असं ताईच्या मनात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

ताई कागदावर सही करत असताना डॉक्टरबाईंनी विचारलं, “पिंजरा कसला आहे?” ताईने सांगितलं. त्यांनी मान हलवली. “तारेचा तळ यांना चालत नाही. तळवे सोलवटतात, पाय अडकतो. तळ सपाट हवा, आणि जाळीची भोकं जास्तीत जास्त एवढी.” त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणलं. मध्ये अर्ध्या इंचाचं अंतर.

ताई त्या दोन बोटांकडे बघत राहिली. शेजारी बारक्या खाली बघत होता. त्याने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. बघितलं असतं, रागावला असता, तर तिला बरं वाटलं असतं.

राखुंडी ऑपरेशनमधून उठली. तीन दिवस तिने काही खाल्लं नाही, ताई तिला सुई नसलेल्या सिरिंजने पातळ लगदा भरवत होती आणि त्यातला बराचसा हनुवटीवरून ओघळत होता. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं की आतडी थांबली तर काही करता येत नाही. त्या तीन दिवसांत घरातले दोघं एकमेकांशी फार काही बोलले नाहीत; एकाला येत नव्हतं आणि दुसरीला सुचत नव्हतं. टपालवाले आजोबा एकदा वर आले. दाराशीच उभे राहून म्हणाले, “मला वाटलं नेहमीसारखंच काहीतरी म्हणतायत.” ताईने त्यांना बसायला खुर्ची दिली. त्यांना काय बोलणार? तिने तरी वेगळं काय केलं होतं?

चौथ्या दिवशी राखुंडीने गवताची एक काडी दोन्ही पुढच्या पायांत धरून खाल्ली.

मग पुन्हा पिंजऱ्याचा प्रश्न आला. कापलेल्या तारांचा पिंजरा दुकानदार परत घेईना, आणि घ्यावा असं ताईलाही वाटेना. दवाखान्यातल्या पावत्या करणाऱ्या मुलीने एक पत्ता दिला. तिथे एका बाईंचा ससा गेला होता आणि त्याचा रुंद, बुटका पिंजरा गॅलरीत पडून होता. तळाला पत्र्याचा ट्रे. बाईंनी तो जवळजवळ फुकट दिला. पण त्याच्या गजांतून ताईचा अख्खा अंगठा आरपार जायचा.

या वेळी तिने विचारलं आणि थांबली. एक मूठ म्हणजे हा चालेल, दुसरी म्हणजे नाही. बारक्याने आधी नकाराची मूठ धरली, मग पिंजऱ्याकडे पाहून विचार केला, आणि तिच्या शिवणाच्या डब्याकडे बोट केलं.

“शिवू?” ताई म्हणाली. “जाळी शिवू यावर?”

त्याने मूठ बदलली.

हार्डवेअरच्या दुकानातून तिने बारीक भोकांची जाळी आणली, बारीक तारेचं भेंडोळं आणलं. रविवारचा सगळा दिवस ती जमिनीवर बसून गजांवर जाळी शिवत होती. सुईऐवजी पक्कड, दोऱ्याऐवजी तार, पण टाका तोच, पँटीच्या आतल्या दुमडीला घालतात तो. जाळीच्या कडा तिने बाहेरच्या बाजूला वळवल्या, टोकं दुमडून चेपली. ट्रेवर सपाट लाकडी फळी बसवली, रंग न दिलेली. बारक्या खुर्चीत बसून डाव्या हाताच्या करंगळीने एकेक कोपरा तपासत होता. करंगळीचं टोक शिरलं की तो तिथेच बोट ठेवून थांबायचा आणि ताई तिथे आणखी दोन टाके घालायची. तिची बोटं जागोजागी सोलली. पण त्या दिवशी तो एकदाही “नाही” म्हणाला नाही.

राखुंडी त्या पिंजऱ्यात राहिली. उडी मारायला उंची नव्हती, ती तीन पायांवर एका बाजूला कलत फिरायची आणि धुळीच्या वाडग्यात लोळताना अजून त्याच बाजूला पडायची. ताईच्या मालकाने आठवड्यातले तीन दिवस काम घरी नेऊन घरच्या मशीनवर करायची सवलत दिली. उरलेल्या दिवसांत टपालवाले आजोबा दर दोन तासांनी वर येऊन डोकावून जायचे. मुठींनी बऱ्याच गोष्टी भागायला लागल्या. भात की सूप, खिडकी उघडी की बंद, आज बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे जायचं की नको.

पण मुठी दोनच असतात. ज्या गोष्टीचं उत्तर दोनांत बसत नाही, ती तशीच राहायची.

असंच एका दुपारी बारक्याने काठीने पिंजऱ्यावर टकटक केलं. ताई मशीन थांबवून आली. त्याने पिंजऱ्याकडे बोट केलं, मग खिडकीकडे, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

“ऊन लागतंय तिला?” ताईने पिंजरा खिडकीपासून बाजूला सरकवला. त्याने मान हलवली. ते नव्हतं.

“आवाज? रस्त्याचा?” तिने खिडकी लावली. ते नव्हतं.

पाणी पाहिलं, गवत बदललं, एकेक टाका पुन्हा तपासला. तिने मुठी पुढे केल्या. “ही म्हणजे तिच्याबद्दल काही. ही म्हणजे तुझ्याबद्दल.” त्याने एकीवर हात ठेवला. मग दुसरीवर. मग पुन्हा छातीवर हात आणि खिडकीबाहेर बोट.

“तुला बाहेर जायचंय? हिला घेऊन? कुणी येणार आहे? जुनी खोली आठवली? बारक्या, तुझ्यानंतर हिचं काय, असं काही म्हणतोयस का?”

त्याचे ओठ हलले. कपाळावर घाम आला. “प...” तो म्हणाला आणि तो शब्द पुन्हा तोच होणार हे त्याचं त्यालाच कळलं, म्हणून त्याने तोंड मिटलं. मग डावा हात हवेत हलवला, जाऊ दे म्हणतात तसा, आणि डोळे मिटून मान मागे टाकली.

“सांग ना रे,” ताई म्हणाली. “पुन्हा एकदा सांग. मी नीट बघते.”

त्याने डोळे उघडले नाहीत. राखुंडी फळीवर कलून बसून गवताची काडी खात होती. ताई बराच वेळ तिथेच जमिनीवर बसून राहिली. मशीनवर अर्धवट शिवलेली पँट संध्याकाळी द्यायची होती, म्हणून शेवटी उठली. पिंजरा तिने खिडकीपासून हलवला होता. तो परत होता तिथे ठेवायचा की आता आहे तिथेच राहू द्यायचा, हेही तिला कळेना.